कॅनियनलँड्समध्ये एक दिवस : पहाटेपासून अंधार पडेपर्यंतचे नियोजन

अमेरिकेच्या यूटा राज्याच्या आग्नेय भागात कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी कोरून काढलेला वाळवंटी दऱ्यांचा अफाट प्रदेश आहे. १२ सप्टेंबर १९६४ रोजी त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि तो ‘कॅनियनलँड्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. सुमारे १,३६६ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे उद्यान यूटामधील पाचही राष्ट्रीय उद्यानांत सर्वांत मोठे आहे. ज्यांच्या हाती येथे घालवायला एकच दिवस आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन असून त्यातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला सुरुवातीलाच देतो: एका दिवसात उद्यानाचा एकच विभाग पाहावा आणि त्याला पहाटेपासून रात्रीपर्यंतचा संपूर्ण वेळ द्यावा.

या सल्ल्यामागचे कारण तेथील भूगोलात आहे. दोन्ही नद्या उद्यानाच्या मध्यभागी एकमेकींना मिळतात आणि त्यामुळे जमिनीचे तीन स्वतंत्र तुकडे पडतात: उत्तरेला, दोन नद्यांच्या बेचक्यात, ‘आयलंड इन द स्काय’ नावाचे उंच पठार, आग्नेयेला सुळक्यांचा ‘नीडल्स’ विभाग, आणि पश्चिमेला ‘मेझ’ हा अत्यंत दुर्गम भाग. उद्यानाच्या हद्दीत या नद्यांवर एकही पूल नाही. त्यामुळे पठाराच्या टोकावर उभे राहिल्यावर नीडल्सचे सुळके डोळ्यांसमोर दिसत असले, तरी तेथे पोहोचण्यासाठी उलटे फिरून मोटारीने दोन तासांहून अधिक प्रवास करावा लागतो. मेझला जायचे तर त्याहूनही जास्त वेळ, उंच चाकांची फोर व्हील ड्राइव्ह गाडी आणि काही दिवसांची तयारी लागते. एका दिवसासाठी म्हणूनच आयलंड इन द स्काय हाच विभाग योग्य ठरतो. तेथपर्यंत आणि आतही उत्तम डांबरी रस्ता आहे, प्रेक्षणीय कठडे रस्त्यालगत आहेत आणि आखूड पायवाटांची संख्या भरपूर आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना सोबत घेऊन जाणाऱ्यांना तर याच विभागाची निवड करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण बक कॅनियन आणि ग्रीन रिव्हर या दोन्ही ठिकाणच्या कठड्यांपर्यंत व्हीलचेअरनेही जाता येते.

मुक्कामासाठी मोॲब हे छोटे गाव सोयीचे आहे. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळापासून ते मोटारीने साधारण चार तासांवर, तर कोलोरॅडो राज्यातील ग्रँड जंक्शनपासून सुमारे दोन तासांवर आहे. उद्यानात सार्वजनिक वाहतूक नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. मोॲबहून १९१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला जाऊन डावीकडे ३१३ क्रमांकाचा राज्यमार्ग पकडला की एकूण ३२ मैलांवर, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटरवर, आयलंड इन द स्कायचे व्हिजिटर सेंटर लागते; या प्रवासाला चाळीस मिनिटे पुरतात. मोबाइलच्या नकाशात नुसते ‘कॅनियनलँड्स’ असे टाकू नये. असे केल्यास नकाशा भलत्याच विभागाकडे किंवा कच्च्या, कड्यावरून वळणे घेत जाणाऱ्या वाटेकडे नेऊ शकतो. विभागाचे पूर्ण नाव टाकावे, आणि मोॲब सोडण्यापूर्वीच तो भाग ऑफलाइन उतरवून घ्यावा, कारण पठारावर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावरून त्या दिवसाची रस्त्यांची स्थिती आणि चालू प्रवेशशुल्क पाहून घ्यावे. गेली काही वर्षे एका खासगी गाडीसाठी सात दिवसांचे शुल्क ३० डॉलर राहिले आहे. वर्षभरात तीन-चार राष्ट्रीय उद्याने पाहण्याचा बेत असेल, तर वार्षिक पास परवडतो का, तेही पाहावे.

जाण्याचा काळ निवडता येत असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचे दिवस निवडावेत. हे वाळवंट उंचावरचे आहे. पठाराची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६,००० फूट, म्हणजे १,८३० मीटर आहे; महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपण केवढ्या उंचीवर दिवस काढणार आहोत याची कल्पना येईल. या उंचीमुळे हवा विरळ आणि अतिशय कोरडी असते, ऊन थेट अंगावर येते आणि एकाच दिवसात पहाटेच्या व दुपारच्या तापमानात वीस अंश सेल्सियसपेक्षाही अधिक फरक पडू शकतो. मे महिन्यातदेखील पहाटेसाठी जाड जाकीट, टोपी आणि हातमोजे जवळ असावेत, आणि दहा वाजता ते काढून ठेवता यावेत. जून ते ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांच्या वर जातो. त्या काळात जावे लागलेच तर सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत चालणे संपवावे. जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत दुपारी अचानक गडगडाटी वादळे येतात. उघड्या पठारावर, कड्याच्या टोकाशी आणि एकाकी झाडाखाली विजेचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून ढग जमू लागताच गाडीत येऊन बसावे. हिवाळ्यात गर्दी नसते आणि लाल खडकावर बर्फ सुंदर दिसते, परंतु पायवाटांवर गोठलेल्या बर्फाचे निसरडे थर असतात.

आता पाण्याविषयी, कारण या सहलीत सर्वाधिक हयगय याच बाबतीत होते. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला गडावर टाके सापडेल, वाटेत एखादी वाडी लागेल, ताक मिळेल, अशी सवय असते. येथे तसे काहीही नाही. वर्षभरात जेमतेम दहा इंचांच्या आत पाऊस पडणाऱ्या या पठारावर व्हिजिटर सेंटरचा नळ सोडला तर पिण्याचे पाणी कोठेही मिळत नाही. खाण्याचे पदार्थ आणि पेट्रोल तर अजिबातच मिळत नाही. माणशी किमान चार लिटर पाणी मोॲबमधूनच भरून घ्यावे आणि त्याशिवाय एक जास्तीचा कॅन गाडीत ठेवावा. कोरड्या हवेत घाम येताच वाळून जातो, त्यामुळे आपले पाणी कमी होत आहे हे लवकर ध्यानात येत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट प्यावेत. नुसते पाणी ढोसत राहून खारट काहीच खाल्ले नाही, तर रक्तातील सोडियम घटून मळमळ आणि डोकेदुखी होते, म्हणून एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी ठेवावे. सोबत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दाण्याचे लाडू असे न विटणारे पदार्थ असले म्हणजे दुपारी जेवणासाठी गावात परतण्याची गरज राहत नाही आणि दीड तास वाचतो. पेट्रोलची टाकीही निघण्यापूर्वी भरून घ्यावी.

दिवसाची आखणी उजेडाच्या दिशेनुसार करावी. ज्या ठिकाणी पूर्वेकडे पाहायचे आहे तेथे सूर्योदयाला आणि ज्या ठिकाणी पश्चिमेकडे पाहायचे आहे तेथे सूर्यास्ताला असावे. भरदुपारी दरीतल्या सावल्या नाहीशा होतात आणि सगळे खडक एकाच पातळीवर असल्यासारखे सपाट दिसतात, म्हणून तो वेळ जेवण, विश्रांती आणि व्हिजिटर सेंटरसाठी राखून ठेवावा. उद्यानाचे प्रवेशद्वार चोवीस तास उघडे असते. सूर्योदयापूर्वी दोन तास मोॲब सोडले, तर व्हिजिटर सेंटरवरून पुढे सहा मैलांवर असलेल्या मेसा आर्चच्या वाहनतळावर वेळेत पोहोचता येते. तेथून कमानीपर्यंतची वाट अगदी आखूड आहे. जाऊन-येऊन एक किलोमीटरच्या आसपास अंतर होते. मात्र अंधारात चालायचे असल्याने डोक्याला लावायचा दिवा हवा.

मेसा आर्च ही कड्याच्या अगदी कडेला उभी असलेली बुटकी, रुंद दगडी कमान आहे आणि तिच्यापलीकडे जमीन एकदम शेकडो फूट खाली कोसळते. सूर्य वर आल्यावर त्याची किरणे प्रथम कमानीखालच्या लाल कड्यावर पडतात आणि तेथून परावर्तित होऊन कमानीच्या खालच्या बाजूवर येतात. त्यामुळे जो भाग सावलीत असायला हवा तोच निखाऱ्यासारखा तांबूस-नारिंगी उजळतो. जवळ जाऊन पाहिले म्हणजे दगडातल्या वाळूच्या तिरप्या रेघा त्या उजेडात एकेक करून मोजता येतील इतक्या स्पष्ट होतात. पूर्वेला ला साल पर्वताची बारा हजार फुटांपेक्षा उंच शिखरे कमानीच्या चौकटीत दिसतात. वसंत आणि शरद ऋतूत येथे तिपाई लावून बसलेल्या छायाचित्रकारांची रांग असते, म्हणून पुढची जागा हवी असल्यास तासभर आधी पोहोचावे. परंतु ती जागा मिळाली नाही तरी निराश होऊन परत फिरू नये, कारण सूर्य उगवल्यानंतर अर्ध्या तासाने गर्दी पांगते आणि कमान तेव्हाही उजळलेलीच असते. कमानीवर चढण्यास मनाई आहे.

येथून थेट दक्षिणेला, रस्ता जेथे संपतो त्या ग्रँड व्ह्यू पॉइंटला जावे. माझ्या मते संपूर्ण दिवसातला सर्वाधिक वेळ याच ठिकाणी द्यायला हवा. कठड्यापाशी छायाचित्र काढून बहुतेक लोक परत फिरतात, परंतु तेथूनच कड्याच्या काठाने जवळजवळ सपाट अशी एक पायवाट निघते, जी जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटरची आहे आणि पठाराच्या शेवटच्या टोकावर संपते. सकाळी आठच्या सुमारास येथे ऊन कोवळे असते आणि सावल्या लांब असल्यामुळे दरीची खोली नीट कळते. पायाखाली सुमारे हजार फुटांवर ‘व्हाइट रिम’ नावाचा पांढुरका वाळूच्या खडकाचा कट्टा पसरलेला दिसतो, आणि त्याच्याही खाली, आणखी हजारेक फुटांवर, नद्यांच्या दऱ्या आहेत. त्या कट्ट्यात मॉन्युमेंट बेसिन नावाचा एक खोलगट भाग आहे, जेथे ३०० फुटांच्या घरातले बारीक सुळके उभे आहेत. प्रत्येक सुळक्याच्या माथ्यावर पांढऱ्या खडकाची टोपी आहे. टोपी कठीण असून खालचा तांबडा खडक मऊ आहे, आणि जेथे टोपी टिकली तेथेच खालचा खडक पावसा-वाऱ्यापासून वाचला. हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे संपूर्ण प्रदेशाची घडण समजायला सोपी जाते: कठीण थर आडवा कट्टा किंवा उभा कडा धरून राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि वरचा थर आधार गेल्यामुळे मोठ्या फळ्यांसारखा निखळून पडतो.

समोरचे उभे लाल कडे विंगेट वाळूच्या खडकाचे आहेत, त्यांच्या पायथ्याचे करडे-हिरवट-जांभळे उतार चिनले थराचे आहेत, आणि आपण चालतो त्या माथ्यावर जागोजागी नवाहो वाळूचा खडक घुमटांच्या रूपात शिल्लक आहे. सह्याद्रीही थरांचाच आहे, पण ते थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत. येथील थर समुद्र, नद्या आणि वाळूच्या टेकड्यांनी घातलेले आहेत, आणि सर्वांत वरचा नवाहो खडकदेखील सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना आहे. चिनले थरात युरेनियम सापडते. १९५० च्या दशकात अण्वस्त्रांसाठी त्याचा शोध सुरू झाला तेव्हा खाली कट्ट्यावरून जाणारी, वरून रेघेसारखी दिसणारी व्हाइट रिमची कच्ची वाट तयार झाली. सुमारे शंभर मैलांच्या त्या वाटेवर आज जायचे तर आधी परवाना लागतो आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडी लागते. एका दिवसाच्या सहलीत तिचा विचार करू नये. भाड्याच्या गाड्यांच्या करारात तर कच्च्या वाटांना बहुधा मनाईच असते.

चालताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली गोष्ट म्हणजे काठ. येथे फार थोड्या ठिकाणी संरक्षक कठडे आहेत, वाळूच्या खडकाचे टोक वरून भक्कम दिसले तरी खालून पोखरलेले असू शकते, आणि बारीक वाळू पसरलेल्या दगडावरून पाय सटकतो. म्हणून काठापासून निदान दोन मीटर अंतर राखावे आणि लहान मुलांचा हात एक क्षणही सोडू नये. दुसरी गोष्ट पायाखालची माती. झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत काळपट, खडबडीत, लहान लहान उंचवट्यांची जी पापुद्र्यासारखी साय दिसते, ती सजीव आहे. गुडघे टेकून पाहिले तर तिच्यात शेवाळ आणि दगडफुलासारखी लायकेन ओळखू येतात. डोळ्यांना न दिसणारे सायनोबॅक्टेरियाचे चिकट धागे मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, पाणी धरतात आणि हवेतला नायट्रोजन झाडांना मिळवून देतात. या वाळवंटात वाऱ्याने माती उडून जात नाही ती यांच्यामुळे. एक पाऊल पडले तरी साय मोडते आणि ती पूर्ववत व्हायला अनेक दशके जातात, म्हणून छायाचित्रासाठीदेखील पायवाट, उघडा खडक किंवा कोरड्या ओढ्याची वाळू सोडून कोठेही पाय ठेवू नये. तसेच खडकांच्या खळग्यांत साठलेल्या पावसाच्या पाण्यात हात बुडवू नये; त्या तळहाताएवढ्या डबक्यातही चिमुकले कवचधारी जीव वाढत असतात आणि आपल्या कातडीवरचे सनस्क्रीन त्यांना घातक ठरते.

उघड्या खडकावर वाट दाखवण्यासाठी दगडांच्या लहान चळती रचलेल्या असतात. एक चळत दिसल्यावर पुढची दिसेपर्यंत तेथेच थांबून शोध घ्यावा. स्वतः नव्या चळती रचू नयेत, कारण त्यामुळे मागून येणाऱ्याची दिशाभूल होते.

ग्रँड व्ह्यूहून परतताना पायवाटेवर कोणाचे गुडघे दुखत असतील तर त्यांच्यासाठी बक कॅनियनचा कठडा पुरेसा आहे. बाकीच्यांनी तेथे पाच-दहा मिनिटे थांबून वायव्येकडच्या रस्त्याने अपहीव्हल डोम गाठावे. पहिल्या टेहळणी जागेपर्यंतची वाट आखूड असली तरी चढाची आहे. वर पोहोचल्यावर सुमारे पाच किलोमीटर रुंदीचे, थरांची वलये असलेले एक प्रचंड विवर समोर येते, ज्याच्या मध्यभागी पांढुरक्या-हिरवट खडकांचे टोकदार ढीग आहेत. खोलवरचे मीठ वर दाबले गेल्यामुळे हे घडले की उल्का आदळल्यामुळे, यावर भूशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता; आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होऊ शकणारे क्वार्ट्झचे कण २००८ मध्ये येथे सापडल्याचे जाहीर झाल्यापासून उल्केचे पारडे जड झाले आहे. लोणार ज्यांनी पाहिले आहे त्यांनी हे ठिकाण मुळीच चुकवू नये. लोणारचे विवर बेसाल्टमधले, तुलनेने ताजे आणि सुबक वाटीच्या आकाराचे आहे. येथे मात्र वरचा खडक झिजून गेला आहे आणि आघाताखाली जमिनीच्या पोटात थर कसे वाकले व दुमडले ते उघडे पडले आहे. वाहनतळापाशी सहलीच्या जेवणासाठी मेज आणि बाके आहेत, स्वच्छतागृह आहे. दुपारची शिदोरी येथेच सोडावी.

ऊन सौम्य असेल आणि पायांत बळ असेल तर जवळच व्हेल रॉक या घुमटावर चढावे किंवा ॲझ्टेक ब्यूट या टेकडीवर जावे, जेथे या भागातील मूळ रहिवासी असलेल्या प्राचीन प्वेब्लो लोकांनी सात-आठशे वर्षांपूर्वी खडकाच्या कपारीत बांधलेली धान्याची कोठारे आहेत. या कोठारांत शिरू नये, त्यांच्या भिंतींना टेकू नये किंवा हातही लावू नये; त्यांचे बांधकाम मातीच्या गाऱ्याचे आहे आणि ती बांधणाऱ्यांचे वंशज असलेल्या जमातींना ही स्थळे आजही पवित्र आहेत. कोरड्या घुमटावर बुटांची पकड चांगली बसते, परंतु चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते, हे चढण्याआधीच ध्यानात घ्यावे.

दुपारच्या उन्हात व्हिजिटर सेंटरला येऊन बाटल्या भरून घ्याव्यात आणि रेंजरकडून हवामान विचारून घ्यावे. जवळच शेफर कॅनियनचा कठडा आहे, जेथून कड्यावरून नागमोडी उतरणारी शेफर वाट दिसते. गुरे नेण्याची ही जुनी पायवाट पुढे युरेनियमच्या मालमोटारींसाठी रुंद करण्यात आली. त्याच्याच पुढे ‘द नेक’ नावाची जागा लागते, जेथे संपूर्ण पठार मुख्य भूमीला अवघ्या ४० फुटांच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेले आहे. गुराख्यांनी एवढ्याच पट्टीवर कुंपण घालून अख्खे पठार कुरण म्हणून वापरले होते.

संध्याकाळसाठी ग्रीन रिव्हर ओव्हरलुक निवडावा. तो पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य कलल्यावर नदीची वळणे आणि पलीकडची मेझची भूमी सावल्यांनी उठून दिसते. १८६९ मध्ये एका हाताने अधू असलेल्या भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी लाकडी होड्यांतून याच नदीने खाली येऊन संगम गाठला होता. ३१३ क्रमांकाच्याच रस्त्यावरील डेड हॉर्स पॉइंट येथूनही सूर्यास्त फार सुंदर दिसतो आणि कोलोरॅडो नदीचे मोठे वळण तेथूनच नीट पाहता येते. मात्र ते राज्याचे उद्यान असल्याने त्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते आणि राष्ट्रीय उद्यानांचा पास तेथे चालत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच संध्याकाळी धावाधाव करू नये. डेड हॉर्स पॉइंट पाहायचाच असेल तर दुपारी चारच्या सुमारास पाहून पुन्हा आत यावे.

सूर्यास्तानंतर लगेच निघण्याची घाई नसल्यास तासभर थांबावे. २०१५ पासून हे उद्यान आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून नोंदलेले आहे आणि अमावस्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसतो. डोळे अंधाराला सरावण्यास वीसेक मिनिटे लागतात, तेवढा वेळ मोबाइलचा उजेड टाळावा. परतीच्या वाटेवर वेग मर्यादेच्या आतच ठेवावा, कारण रात्री हरणे आणि मोकाट चरणारी गुरे रस्त्यावर येतात. हाताशी दुसरा दिवस निघालाच तर तो नीडल्ससाठी द्यावा: मोॲबहून ते दक्षिणेला सुमारे ७५ मैलांवर असून वाटेत न्यूजपेपर रॉक ही शेकडो कोरीव आकृत्यांनी भरलेली शिळा लागते. त्या दिवसासाठीही पाणी, पेट्रोल आणि शिदोरी यांची तयारी आदल्या रात्रीच करून ठेवावी.